क्षणाचा कोल्ला, पांढरा कोल्ला

कार्दामिला, खिओस
संत निकोलासच्या सणाआधीचा पंधरवडा. उत्तरेचा वारा सुटलाय

स्तामातीस मेहुणेबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. या खेपेला हात मी स्वखुशीनं जोडले आहेत हे मुद्दाम लिहितो. मागच्या महिन्यात ते अख्खी दुपार माझ्या मर्जीविरुद्ध जोडलेले होते आणि खिडकीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, म्हातारा शेवटी देवाला लागला. (लागला होता, पण डिंकाला. ते पुढे येईल.)

तुझा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय असं कळलं. पहिल्या दोन गोष्टी तू जन्मभर पाळत आलास. तिसरीही पाळतोस, फक्त आता तिला डॉक्टरांचा आधार मिळाला. तुझ्या सेवेला तुझी बहीण एव्हांथिया पिरेअसला आली आहे, असं मी इथं साऱ्या गल्लीत सांगितलंय. गल्लीनं मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. एक तर फोन तुझी बहीण उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवते. दुसरं म्हणजे, फोनवर कंस टाकता येत नाहीत, आणि माझं निम्मं आयुष्य कंसातच गेलंय.

परवा वारा सुटला तेव्हा मला आपली शाळा आठवली. बंदराकडच्या खिडकीची काच फुटलेली, तिथं पुठ्ठा लावलेला, आणि व्रेत्तोस मास्तर आपल्याला बाकावर उभं करून कविता म्हणवून घ्यायचे. तुला आठवते ती? 'शिडा रे शिडा, वाऱ्याला सांग, उंबऱ्यावर आई कितीदा थांबली.' मी म्हणायचो तेव्हा मास्तर चष्मा पुसायचे. तू मात्र 'शिडा रे शिडा' एवढं म्हणून खिडकीबाहेर बघायचास, जणू पुढची ओळ शीडच येऊन सांगणार होतं. आणि भूमितीच्या परीक्षेत तू दर खेपेला कोरा कागद द्यायचास तेव्हा मास्तर तो साऱ्या वर्गाला दाखवत ओरडायचे, "स्तामातीसनं पुन्हा पांढरा कोल्ला दिला!" ते शब्द लक्षात ठेव. माझ्या संसारात आज जो भूकंप झालाय, त्याचा केंद्रबिंदू त्याच दोन शब्दांत आहे. ज्या भाषेनं डिंकालाही कोल्ला म्हटलं आणि परीक्षेच्या कागदालाही कोल्लाच म्हटलं, त्या भाषेत नवरा-बायकोनं भांडूच नये. भांडायचंच तर खुणांनी भांडावं.

पण मी पुढून मागं चाललोय. पहिल्यापासून सांगतो.

मी एक जहाज करतोय हे तुला ठाऊक आहे. तुमच्याच आजोबांचं, काळ्या समुद्रातून गहू आणायचं ते दोन डोलकाठ्यांचं. माझ्या हातात ते लांबीला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढं झालंय. हा म्हाताऱ्याचा चाळा, अशी एव्हांथियाची समजूत आहे. चाळा नाही, नवस आहे. (हे मोठ्यानं वाचू नकोस.) गेल्या फेब्रुवारीत तिची छाती भरली आणि तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तू येऊन गेलास, पण तू गेल्यावरची एक दुपार तुला माहीत नाही. तिच्या नाकावर ती प्लॅस्टिकची वाटी, आणि तिचा श्वास म्हणजे उलट्या वाऱ्यात वल्हं मारल्यासारखा. मी बाहेर आलो. व्हरांड्यात संत निकोलासची तसबीर होती, तिच्याशेजारी चहा-कॉफीचं यंत्र. मी यंत्राला टेकून म्हणालो, "तिला तिचा श्वास परत दे, मी तुला जहाज देतो." (यंत्रानं त्याच क्षणी गुर्र केलं. मी ते संतांचंच उत्तर धरलं. संकटात माणूस निवड करत बसत नाही.) आठवड्यानं ती उठून बसली आणि दवाखान्याच्या सूपला नावं ठेवू लागली. तेव्हा मला कळलं, देणं लागू झालं.

तिला मी सांगितलं नाही. माझी आई म्हणायची, नवस पुरा होण्याआधी बोलून दाखवला की फुटतो. शिवाय आपल्या वाडीची रीत तुला ठाऊक आहे: ज्याच्या जिवासाठी जहाज बोललं, त्यानंच ते दोन्ही हातांत धरून चर्चच्या दारापासून संतांच्या तसबिरीपर्यंत न्यायचं. सणाच्या सकाळी जहाज तिच्या हातांत ठेवायचं आणि तिचा चेहरा बघायचा, एवढाच माझा बेत. त्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. (गल्लीला जहाजानंतर हा माझा दुसरा आजार वाटला.)

उन्हाळाभर सांगाडा गच्चीवर केला. मग पाऊस आला आणि मी जहाजासकट स्वयंपाकघरात आलो. इथंच घात झाला. दिवस कमी, फळ्या हजार, आणि लोखंडी सामानाच्या दुकानातली मारूसो मला म्हणाली, "अहो आर्गीरिसकाका, क्षणाचा कोल्ला घ्या की! लावला की धरतो." काय नाव आहे बघ, स्तामातीस! क्षणाचा! कवितेवर जीव असलेल्या माणसाला असल्या नावाचा डिंक विकणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे. मी पिशवीभर नळ्या घेऊन आलो. आणि खरोखर, थेंब टाकला की फळी बसली, थेंब टाकला की दोर बसला. खिडक्या बंद, चूल पेटलेली, बाहेर वारा, आत मी 'शिडा रे शिडा' म्हणतोय आणि जहाज माझ्या डोळ्यांदेखत वाढतंय. एव्हांथिया समोर बसून मसूर निवडत होती. मी दुसऱ्या कडव्यावर आलो, वर बघितलं, तर तिच्या डोळ्यांतून धारा! नाक लाल, रुमाल तोंडाला, खांदे हलताहेत.

आता माझ्या जागी तू असतास तर काय समजला असतास? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कवितेवर त्या बाईनं कधी साधा उसासा टाकलेला नाही. मला भरून आलं. मी आवाज चढवला. तिसरं कडवं उभं राहून म्हटलं, आणि हातवारे मोकळे करता यावेत म्हणून नळीचं टोपण उघडंच ठेवलं. ती खोकायला लागली, मी म्हटलं, हुंदका. ती खिडकीकडे धावली, मी म्हटलं, एकांत हवा असेल. शेवटी ती खिडकीत अर्धी बाहेर लोंबत ओरडली, "अरे माणसा, कविता बंद कर आणि ते बाटलीतलं भूत बंद कर! दोन्हीनं जीव चाललाय माझा!"

त्या धांदलीत नळी माझ्या मांडीवर कलंडली. आणि हे कुणी मला शाळेत शिकवलं नव्हतं: क्षणाचा कोल्ला सुती कापडावर सांडला की ते तापतं आणि धूर सोडतं. माझ्या विजारीतून धूर निघू लागला, स्तामातीस. एकीकडे बायको खिडकीत, दुसरीकडे माझी मांडी धुमसतेय. मी मांडीवर हात मारला, मग त्या हातावर दुसरा हात मारला, आणि ते दोन्ही हात तिथून पुढे अख्खी दुपार नमस्कारात राहिले. मारूसोनं शेवटी कोमट साबणाचं पाणी आणि बायका नखांचा रंग काढतात ते पाणी आणून मला देवाकडून परत मिळवलं.

डॉक्टरीणबाईंनी (आपल्या दवाखान्यात वर्षभरासाठी आलेली ती पोर; नेमणूक सरकारची, हसू तिचं स्वतःचं) एव्हांथियाची छाती तपासली आणि सांगितलं, या डिंकाची वाफ नाका-डोळ्यांना झोंबते आणि दुबळ्या छातीला तर धरतेच; एकदा छातीनं तिच्याशी वैर धरलं की पुढे थेंबभरही पुरतो. घरातून तो घालवा. पांढरा कोल्ला वापरा, खिडकी उघडी ठेवा. हे सगळं तिनं एव्हांथियाला सांगितलं; मला ते फार उशिरा कळलं. मी बाहेर बाकावर मांडीला मलम लावत बसलो होतो. तेव्हा माझ्यापर्यंत जे आलं ते एव्हांथियाच्या तोंडून, आणि तेही बोटीच्या दिवशी, बॅग हातात घेऊन, उंबऱ्यावरून: "घरात पांढरा कोल्ला येईल तेव्हा मी येईन. तोवर तू आणि तुझा क्षण सुखानं नांदा."

आणि दार लागलं.

मी विचार केला. रुसून निघालेली बायको जाताना कोरा कागद मागते, याचा अर्थ काय? लेखी माफी! शाळेत चुकलं की व्रेत्तोस मास्तर शंभरदा लिहून घ्यायचे तसं. मला तर यात काव्यही दिसलं. मी मारूसोकडून परीक्षेच्या कागदांचा गठ्ठा आणला आणि बसलो लिहायला. आधी गद्यात माफी मागितली, मग पद्यात, मग 'उंबऱ्यावर आई' याच्या जागी 'उंबऱ्यावर तू' घालून ते जुनंच कडवं नव्यानं लिहिलं. पाकीट जाडजूड झालं. तुझ्याच पत्त्यावर आलं असेल. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारत नाही. (चुलीत गेलं असेल तर निदान ऊब मिळाली म्हणायची.) त्यानंतर तिनं एकदाच आपणहून फोन केला. तो संवाद जसाच्या तसा देतो, कारण मी तो झोपेतही म्हणू शकतो.

"पांढरा कोल्ला आणलास का?"

"आणला! तुला पाठवलासुद्धा! मिळाला नाही?"

"मला? मी काय करू त्याचं?"

"वाच!"

"कोल्ला वाचू?"

"आवडला नाही का? अजून आणतो. गठ्ठाच आहे घरात."

"आणि जहाजाला काय लावतोयस?"

"जहाजाला? जहाजाला तोच आपला, क्षणाचा."

त्यानंतर फोनमधून जो आवाज आला, तो बहुधा तुझ्या घरचा फोन आदळल्याचा असावा. नवा घ्यावा लागला असेल तर माझ्या नावावर मांड.

मी रीतसर खचलो. माफी पद्यात मागूनही नामंजूर झालेला मी आपल्या बेटावरचा पहिलाच माणूस असेन. त्या अवस्थेत पापा-स्टेलिओस जहाज बघायला आले. हे नवे पाद्री तुला माहीत नसतील. चर्चमध्ये येण्याआधी मालवाहू जहाजावर आचारी होते, आणि अजूनही आशीर्वाद देताना हात मीठ टाकल्यासारखा हलतो. त्यांनी नवसाचं जहाज टांगायला चर्चच्या छतात कडी बसवून घेतली होती आणि ती कडी कधी भरणार हे विचारायला आले होते. मी नुकतीच पुढची तिरपी काठी चिकटवली होती. पापा जहाजाच्या पुढच्या टोकापाशी वाकले, "वा, काय रेषा आहे!" म्हणाले आणि उठायला गेले तर दाढी उठेना. स्तामातीस, मी चर्चचा मान राखणारा माणूस आहे, पण एका पाद्र्याला जहाजानं दाढीला धरून ओढावं हे दृश्य मी मरताना आठवणार आहे. ते पुढे आले की जहाज पुढे येई. ते मागे गेले की सांगाडा करकरे. "काका, कात्री!" ते कोंडलेल्या आवाजात म्हणाले. "नखांचं पाणी आणतो, पापा." "नको, ते पाणी मारूसोकडे, आणि मारूसोला कळलं तर रविवारच्या प्रार्थनेला सगळी वाडी हसत येईल. कात्री!" कापली. काठीवर अजून पाद्र्याचे तीन-चार केस आहेत. ते मी काढत नाही. कुठकुठल्या चर्चमध्ये संतांची बोटं ठेवतात. आपल्या जहाजावर निदान जिवंत पाद्र्याची दाढी तरी असू दे.

दाढी मोकळी झाल्यावर ते डोळे पुसत (वाफेनं, मी आता फसत नाही) म्हणाले, "हे विष घरात कशाला आणलंत? साधा पांढरा कोल्ला का नाही वापरत?"

मी कपाटातून गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हा घ्या. पण कागदानं जहाज कसं चिकटवू?"

पापा-स्टेलिओस कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी मला सगळी हकीकत विचारली आणि मी सांगितली, उंबऱ्यावरचं वाक्य, पाकीट, फोन, सगळं. ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, झग्यात तोंड घातलं आणि इतका वेळ हसले की मला त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. "अहो काका," शेवटी ते म्हणाले, "बाईनं डिंक मागितला होता, डिंक! सुताराचा! आणि तुम्ही तिला परीक्षेचा पेपर पाठवलात!"

तेव्हा मला कळलं की मी आयुष्यभर कवितेच्या वर्गात पहिला आलो आणि स्वयंपाकघरातल्या एका साध्या वाक्यात नापास झालो.

त्याच संध्याकाळी क्षणाच्या साऱ्या नळ्या पिशवीत घालून, वर गाठ मारून, घराबाहेर काढल्या. पण पांढरा कोल्ला मारूसोकडे संपला होता आणि बोट वाऱ्यामुळे येत नव्हती. मला दम कुठला! जुन्या सुतारांसारखा कातड्याचा डिंक शिजवून बघितला. वाफेनं कुणाचा जीव जात नाही, फक्त मरावंसं वाटतं. वाडीतल्या साऱ्या मांजरी दाराशी सभा भरवून बसल्या आणि एकीनं सुकाणू पळवलं. ते मला बंदरावर सापडलं, चाटून गुळगुळीत केलेलं, माझ्या कानशीपेक्षा बरं. मग वाटलं, आपण खिओसची माणसं, मस्तिहाच्या झाडाचा चीक आपल्या बेटाचा, तो का नको? वितळवला. वास तर असा सुटला की मला तुझ्या आईची बरणी आठवली, मस्तिहाच्या मिठाईचा पांढरा चिकट गोळा, चमचा, वर थंड पाणी, आणि आपण दोघं टेबलाखाली. त्या आठवणीत मी निम्मा चीक खाल्ला. उरलेल्यानं माझी कवळी धरली, जहाज काही धरलं नाही.

मग बोट आली आणि पांढरा कोल्ला आला. स्तामातीस, तो दुधासारखा असतो. लावला की काहीच होत नाही! फळी घसरते, दोर सुटतो, तू वाट बघत बसतोस. त्याला चिमट्यात धरावं लागतं, बोलावं लागतं, सोडून जावं लागतं आणि परत यावं लागतं. एकेका फळीला मी एकेक पूर्ण कविता म्हणतो, खिडकी सताड उघडी ठेवून. (समोरच्या घरानं आपल्या खिडक्या लावून घेतल्या. वाफ नाही, तरी म्हणे त्रास होतो.) दोरांच्या गाठी आता खऱ्या बांधतो, आणि वर पाण्यात सैल केलेल्या कोल्ल्याचं नुसतं बोट फिरवतो. जिथं धीर सुटतो तिथं खानावळीतल्या दात कोरायच्या काड्यांच्या खुंट्या ठोकतो, जुने जहाजवाले ठोकायचे तशा. आणि गंमत बघ: वाळला की तो पांढरा राहतच नाही. दिसेनासा होतो. कुठं लावला ते मलाच सापडत नाही. हलवून बघितलं, ओढून बघितलं, एकदा टेबलावरून पडलंही. क्षणाच्या कोल्ल्यानं लावलेलं सारं टकाटक उडालं. पांढऱ्यानं लावलेलं एकही सुटलं नाही.

उडालेलंही पुन्हा पांढऱ्यानं लावलं. आता शिडं तेवढी राहिलीत. घरात वास म्हणशील तर संत्र्यांच्या सालींचा. सगळं तयार आहे, नुसतं जहाज हातांत धरून दारापासून तसबिरीपर्यंत जाणारं माणूस नाही. माझ्या हातांनी ते चालणार नाही. मी नेलं तर ते नुसतं जहाज होईल, नवस होणार नाही. पापा-स्टेलिओसना विचारलं, ती नाही आली तर? ते म्हणाले, "तर कडी रिकामी राहील. संतांनी वादळं बघितलीत, काका, एक बायको रुसलेली बघू शकतात. तुम्ही मात्र बघू शकाल का ते सांगा."

नाही बघू शकणार, एवढंच मी तुला कळवतो. बाकी तू डोळा जप. घरच्यांना नमस्कार.

तुझा बाकावरचा शेजारी आणि मेहुणा,
आर्गीरिस

ता. क. पेटीभर संत्री पाठवली आहेत. एव्हांथियाचे कपड्यांचे चिमटे झाडून सारे जहाजावर आहेत. धुणं सध्या लिंबाच्या झाडावर वाळतं. चिमटे मागे मागितले तर नाही म्हणणार नाही, पण येऊन स्वतः काढावे लागतील.

दुसरा ता. क. तुला वाचायला बंदी आहे हे मी वर लिहिलंच. तेव्हा हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय तेही मला ठाऊक आहे. तर एव्हांथिया, 'मोठ्यानं वाचू नकोस' ते तू मोठ्यानंच वाचलं असशील. नवस फुटला म्हणून घाबरू नकोस. पापांना विचारून मगच लिहिलंय. ते म्हणाले, संत निकोलास खलाशांचे संत आहेत, त्यांना बायकांना सांगून टाकणाऱ्या माणसांची सवय आहे. आता डोळे पूस. (मी या वेळी काही गैरसमज करून घेणार नाही. संत्र्याच्या सालीचा रस उडाला असेल.)

तिसरा ता. क. सोबत एक पांढरा कोल्ला ठेवला आहे. कागदाचा. त्यावर होकार लिही, नकार लिही, शिव्या लिही, शुद्धलेखन मी तपासणार नाही. आणि काहीच न लिहिता कोराच पाठवलास, तरी मी नापास झालो असं समजणार नाही. या खेपेला मी त्याचा अर्थ डिंक असा लावीन आणि बोटीच्या दिवशी बंदरावर येऊन उभा राहीन. बॅग मीच उचलेन. हात मोकळे आहेत.